आजीच्या पाटल्या, नातीचे कानातले : जुने सोने नव्याने घडवताना

बँकेच्या लॉकरमधून वर्षाकाठी एकदा, तेही घरात कार्य निघाले तरच, बाहेर येणारी एक डबी अनेक मराठी घरांत असते. तिच्यात गुलाबी कागदात गुंडाळलेल्या आजीच्या पाटल्या असतात, दोरा तुटलेली बोरमाळ असते, जोडीतली एकच उरलेली कुडी असते आणि आजोबांच्या सदऱ्याची सोन्याची बटणेही असतात. हे दागिने कोणी घालत नाही. पण ते मोडावेत असेही कोणाला मनापासून वाटत नाही. पाटल्या आजच्या मनगटात शिरत नाहीत, बुगडीसाठी कानाच्या वरच्या पाळीला छिद्र नाही, आणि लोकलच्या गर्दीत मोहनमाळ घालून जाण्याची कोणाची छाती होत नाही. कार्य आटोपले की डबी पुन्हा लॉकरमध्ये जाते.

२०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याच्या भावाने एक लाख रुपयांची पातळी ओलांडली. लग्नकार्यासाठी नवे सोने घेणे मध्यमवर्गाला जड जाऊ लागल्यावर घरातल्याच सोन्याकडे लक्ष वळणे स्वाभाविक आहे. जुन्या दागिन्यांतून रोज वापरता येईल असा, हाताने घडवलेला नवा दागिना करून घेण्याचा विचार त्यामुळे अनेक घरांत होतो. विचार चांगला आहे. पण एकदा मुशीत गेलेली पाटली परत येत नाही. म्हणून सोनाराकडे जाण्यापूर्वी आपल्या हातात नेमके काय आहे आणि त्याचे नेमके काय होणार आहे, हे समजून घेतलेले बरे.

मोड वेगळी, रूपांतर वेगळे

‘आजीच्या पाटल्यांचे कानातले केले’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात त्यामागे दोन अगदी निरनिराळे व्यवहार असू शकतात.

पहिला व्यवहार मोडीचा. दुकानात जुना दागिना तोलला जातो, त्याचा कस पाहिला जातो, तेवढ्या सोन्याची किंमत ठरते आणि ती नव्या दागिन्याच्या बिलातून वजा होते. जुना दागिना इतर अनेकांच्या मोडीबरोबर शुद्धीकरणाला जातो. ग्राहकाच्या हाती येणारे कानातले आधीच तयार होऊन काचेच्या कपाटात मांडलेले असतात. त्यात आजीच्या पाटलीतील सोन्याचा कणही नसतो. व्यवहार म्हणून यात गैर काही नाही. मात्र याला रूपांतर म्हणता येत नाही.

दुसरा व्यवहार घडणीचा. यात ग्राहकाचे सोने कारागिराकडे जाते, तेच वेगळे ठेवून आटवले जाते आणि त्याच सोन्याचा नवा दागिना होतो. कारागीर मोबदला घेतो तो मजुरीचा. आजीची आठवण अंगावर राहावी एवढ्याचसाठी हा खटाटोप असेल, तर हवा असतो तो हा दुसरा व्यवहार. अनेकदा घरातली मंडळी मनात दुसरा व्यवहार धरून दुकानात जातात आणि पहिला करून परत येतात. ‘आमचेच सोने वापरणार का?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

हाताने घडवलेल्या दागिन्याला येथे एक वेगळा अर्थ येतो. आज बाजारातील पुष्कळसे दागिने ओतकामाने तयार होतात. मेणाचे अनेक नमुने एकाच दांड्यावर झाडाच्या फांद्यांसारखे लावले जातात आणि एका ओतणीत डझनावारी नग निघतात. एका कुटुंबाचे वीस-पंचवीस ग्रॅम सोने त्या पद्धतीत स्वतंत्र ठेवणे गैरसोयीचे असते. पत्रा, तार आणि रवे यांपासून हाताने दागिना घडवणाऱ्याला मात्र तेवढेच सोने पुरते. मुंबईच्या झवेरी बाजारात, पुण्याच्या रविवार पेठेत, कोल्हापूरच्या गुजरीत किंवा जळगावच्या सराफ बाजारात अशी कामे करणारे हात अजून आहेत. त्यांत पिढीजात मराठी सोनारांबरोबर बंगालमधून आलेले कारागीरही मोठ्या संख्येने आहेत.

तोळ्याचा घोळ

जुन्या दागिन्याची ओळख वजनापासून सुरू होते आणि पहिला गैरसमजही तेथेच होतो. जुन्या पावतीवर किंवा आजोबांच्या वहीत ‘पाटल्या, ५ तोळे ३ मासे’ अशी नोंद सापडते. हा तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता. एका तोळ्याचे बारा मासे, एका माशाच्या आठ गुंजा. देशात १९५६ च्या कायद्याने दशमान वजने स्वीकारली गेली आणि पुढील काही वर्षांत ती व्यवहारात रुळली. ‘तोळा’ हा शब्द मात्र गेला नाही. आज सराफ बाजारात तोळा म्हटले की बहुधा दहा ग्रॅमच समजले जातात.

या हिशेबाने वहीतले ५ तोळे ३ मासे म्हणजे सुमारे ६१.२४ ग्रॅम होतात. नुसते पाच तोळे धरले तरी जुन्या मापाने ५८.३२ आणि आजच्या बोलीप्रमाणे ५० ग्रॅम होतात. हा सव्वाआठ ग्रॅमहून अधिक फरक आजच्या भावाने लहान नाही. काट्यावर वजन वहीपेक्षा थोडे कमी भरले म्हणून लगेच कोणाचा संशय घेण्याचेही कारण नाही, कारण चाळीस-पन्नास वर्षे हातात असलेली पाटली झिजतेच. परंतु तफावत मोठी असेल तर तिचे कारण शोधायला हवे.

वजनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लपलेली असते, ती म्हणजे लाख. पारंपरिक मराठी दागिन्यांत पातळ पत्र्याचे पोकळ मणी करून त्यांत लाख भरण्याची पद्धत आहे. बोरमाळेचे मणी, कोल्हापुरी साजातील मणी, काही तोडे यांत ती आढळते. लाखेमुळे पातळ पत्र्याला आधार मिळतो आणि दागिना दबत नाही. तोलताना मात्र तिचेही वजन येते. लाख किती आहे हे दागिना उघडून तापवल्याशिवाय नक्की कळत नाही. अशा दागिन्याचे आधी एकूण वजन, मग लाख काढून सोन्याचे निव्वळ वजन, ही दोन्ही वजने ग्राहकासमोर व्हावीत. अंदाजाने ‘एवढी लाख असेल’ म्हणून होणारी वजावट मान्य करण्याची घाई करू नये.

कस लागतो तेव्हा

‘आमच्या आजीचे सोने बावनकशी’ अशी प्रत्येक घराची श्रद्धा असते. कसोटीवर ती नेहमी टिकते असे नाही. जुन्या काळी प्रत्येक सोनाराची स्वतःची पद्धत होती, शिक्क्याची सक्ती नव्हती आणि गावागणिक कस बदलत असे.

काही दागिन्यांच्या बाबतीत तर खुद्द सरकारी धोरणच कारणीभूत असते. चीनबरोबरच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. असंख्य सोनारांचा रोजगार गेला. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये मागे घेण्यात आली. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. १९६३ ते १९६६ या काळात लग्न झालेल्या आजीच्या दागिन्यात सोने कमी निघाले, तर तिला कोणी फसवले होते असे लगेच समजू नये. तो दागिना त्या काळच्या कायद्याचा साक्षीदारही असू शकतो.

दुसरे कारण सांध्यांचे. दागिन्याचे भाग जोडण्यासाठी वापरली जाणारी डाख मूळ सोन्यापेक्षा कमी तापमानाला वितळावी लागते, म्हणून तिच्यात तांबे, चांदी यांसारखे इतर धातू अधिक असतात. बारीक कामाच्या दागिन्यात सांधे शेकडो असतात. पत्रा २२ कॅरेटचा असला तरी संपूर्ण दागिना आटवल्यावर लगडीचा कस त्याहून खाली येतो तो यामुळे. यावर उपाय म्हणून कॅडमियम मिसळलेली डाख आली आणि ‘केडीएम’ हे नाव घरोघरी पोहोचले. कॅडमियम ७६७ अंश सेल्सिअसला उकळते, तर शुद्ध सोने वितळते १०६४ अंशाला. म्हणजे असा जुना दागिना आटवताना कॅडमियमची विषारी वाफ कारागिराच्या श्वासात जाण्याचा धोका असतो. आपल्याकडील दागिना केडीएमचा आहे हे ठाऊक असेल, तर ते कारागिराला आधीच सांगावे.

कस पाहण्याच्या पद्धती तीन. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून तेजाबाने पारखण्याची पद्धत सर्वांत जुनी. तिची अचूकता पारख्याच्या नजरेवर अवलंबून असते. दुसरी पद्धत क्ष-किरणांवर चालणाऱ्या यंत्राची. दागिन्याला धक्का न लावता क्षणात आकडा मिळतो, परंतु हे यंत्र केवळ पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाचते. सांध्यावर धरले तर कस कमी दिसतो, वर मुलामा असेल तर जास्त. त्यामुळे तीन-चार ठिकाणी तपासणी करून घ्यावी. तिसरी आणि सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे थोडे सोने काढून ते भट्टीत तपासणे.

भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रांवर सामान्य ग्राहकालाही आपले जुने दागिने तपासून घेता येतात. ब्युरोने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या दरांनुसार चार नगांपर्यंत २०० रुपये आणि पाच किंवा अधिक नगांसाठी प्रत्येकी ४५ रुपये शुल्क होते. ज्याला दागिना द्यायचा त्याच्याकडूनच कस न ठरवता, हा छोटा खर्च करून तिऱ्हाइताचा कागद हातात ठेवणे शहाणपणाचे.

खडे, मोती आणि पुतळ्या

सोन्यापेक्षा अधिक काळजी हवी ती त्यात बसवलेल्या वस्तूंची. मोडीच्या हिशेबात खडे आणि मोती सहसा ‘वजावट’ म्हणून धरले जातात. पुष्कळदा त्यांतच खरी किंमत दडलेली असते.

जुनी नथ हे त्याचे ठळक उदाहरण. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत आपल्याकडे इराणच्या आखातातून नैसर्गिक मोती येत. ‘बसराई मोती’ या नावाने ते ओळखले जात. पुढे जपानमधून संवर्धित मोती बाजारात आले, आखातात तेल सापडले आणि समुद्रात बुडी मारून मोती काढण्याचा तो व्यवसाय जवळजवळ संपला. पणजीच्या नथीतील वेडेवाकडे, किंचित पिवळसर मोती या जुन्या व्यापारातील असू शकतात. नैसर्गिक आणि संवर्धित मोत्यांतील फरक केवळ डोळ्यांनी ओळखणे कठीण. रत्नपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी तो कळतो. मोती हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच्या थरांचा बनलेला असतो. आच आणि आम्ल या दोन्हींपुढे तो टिकत नाही, म्हणून सोने तापवण्यापूर्वी प्रत्येक मोती तारेतून सोडवून घ्यावा लागतो.

लाल खड्यांबाबत उलट अनुभव येऊ शकतो. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्नॉय यांनी कृत्रिम माणिक तयार करण्याची कृती १९०२ मध्ये जाहीर केली आणि थोड्याच वर्षांत असे खडे जगभर पसरले. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या दागिन्यातील खडा जुना आहे, एवढ्यावरून तो खाणीतलाच असे म्हणता येत नाही. पाचूला आच सोसत नाही. त्यातील नैसर्गिक भेगा वाढून तो तडकू शकतो. कुंदनकामात खड्याच्या मागे चकाकीसाठी पातळ वर्ख असतो. पाणी शिरले की तो काळा पडतो आणि खडा निस्तेज दिसू लागतो. असा दागिना घरी साबणाच्या पाण्यात बुडवून स्वच्छ करण्याचा मोह टाळावा.

पुतळीमाळेचे प्रकरण आणखी निराळे. मूळची पुतळी म्हणजे व्हेनिसचे डुकाट हे सोन्याचे नाणे. अतिशय शुद्ध सोन्याची ही नाणी व्यापारातून भारतात आली, त्यांवरील मानवी आकृतींमुळे पुतळ्या म्हणवली गेली आणि दोऱ्यात ओवून गळ्यात आली. पुढे स्थानिक सोनारांनी त्यांसारख्या चकत्या ठशावर पाडल्या. घरातील माळ खऱ्या नाण्यांची आहे की चकत्यांची, हे नाणेतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय ती आटवणे म्हणजे इतिहास वजनावर विकणे होय. गिन्न्यांनाही हेच लागू पडते. ब्रिटिश गिन्नी २२ कॅरेटची आणि सुमारे ७.९९ ग्रॅम वजनाची. परंतु साल आणि टांकसाळ यांनुसार काही नाण्यांना संग्राहक सोन्यापेक्षा अधिक मोल देतात.

येथे एक कायदाही लक्षात ठेवावा लागतो. १९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी आणि कलावस्तू पुरावस्तू ठरू शकतात आणि त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. पणजीचा दागिना अमेरिकेतील नातीकडे पाठवण्याचा बेत असलेल्या कुटुंबांनी त्याचे वय आणि स्वरूप आधी तपासून घ्यावे.

तीन वाटा

दागिन्याची ओळख पटली की पुढे तीन वाटा दिसतात. त्यांतील आटवण्याची वाट शेवटची धरावी.

पहिली वाट दुरुस्तीची. अनेक दागिने ‘जुने’ झालेले नसतात, केवळ त्यांचा दोरा कुजलेला असतो. पटवेकऱ्याकडून बोरमाळ, तन्मणी किंवा चिंचपेटी नव्याने गाठवून घेतली, फासा बदलला, हलके उजाळले, की तो पुन्हा गळ्यात घालण्याजोगा होतो. पाटली मनगटाला मोठी होत असेल तर ती कापून लहान करता येते. खर्च थोडा आणि दागिन्याचे मूळ रूप कायम.

दुसरी वाट भागांच्या पुनर्वापराची. हाताने घडवण्याची खरी मजा आणि कसब येथे दिसते. जोडीतली एकच राहिलेली कुडी लहानशा साखळीत लटकन म्हणून शोभते. सदऱ्याच्या बटणांची कर्णफुले होतात. आजोबांच्या खिशातल्या घड्याळाची साखळी मनगटावर दुहेरी गुंडाळता येते. अंबाड्यात खोवण्याच्या केवड्याला आणि अग्रफुलाला मागून फासे लावले की त्यांचे पदक तयार होते. तीनपदरी मोहनमाळेचे तीन सर सोडवून तीन नातींना एकेक देता येतो. चांदीच्या कमरपट्ट्याच्या कड्या सुट्या करून हातातली अनेक कडी करता येतात. सांधा न तापवता, केवळ कडी आणि तार वापरून केलेले काम पुढे कधी नकोसे झाले तर पूर्ववत करता येते, हा या वाटेचा मोठा गुण.

तिसरी वाट आटवण्याची. दागिना पिचलेला, पुन्हा पुन्हा डाख लावून जाड झालेला, किंवा विशेष कारागिरी नसलेला असेल तर तीच योग्य. साध्या कांबीच्या गोठांना किंवा घसटून गुळगुळीत झालेल्या वेढ्याला मुशीत घालताना फारसे काही गमावले जात नाही. याउलट जवमणी पाटलीवरील घडीव मणी किंवा जुन्या ठुशीतील रव्यांचे बारीक काम आज कोणी तसेच करून देईल याची खात्री नसते. मोडीच्या काट्यावर अशा कामाची किंमत शून्य येते.

मुशीत काय होते

आटवण्याचे ठरले तर आधी खडे, मोती आणि लाख काढली जाते. दागिन्याचे तुकडे मुशीत घालून, मळ धरून ठेवण्यासाठी टाकणखार टाकून ते तापवले जातात. वितळलेले सोने लोखंडी साच्यात ओतून लगड करतात. ही लगड ठोकून किंवा रुळांतून काढून पत्रा केला जातो, छिद्रांच्या पोलादी पट्टीतून ओढून तार काढली जाते. ठोकताना सोने कडक होते, म्हणून मधून मधून ते तापवून मऊ करावे लागते.

जुन्या सोन्यात कधी कधी शिशासारखा धातू अत्यल्प प्रमाणात असला तरी लगड ठिसूळ होते आणि पत्र्याला चिरा जातात. अशा वेळी शुद्धीकरणाला पर्याय नसतो. सोने आम्लराजात विरघळवतात, त्यातील चांदी क्लोराइडच्या रूपाने खाली बसते, मग द्रावणातील सोने तपकिरी भुकटीच्या रूपात परत मिळवतात. ही भुकटी आटवली की पिवळे शुद्ध सोने दिसते. त्यात ठरावीक तांबे आणि चांदी मिसळून हवा तो कस आणता येतो. ही प्रक्रिया लहान प्रमाणावरही होते. त्यामुळे ‘शुद्ध करायला पाठवले की तुमचे सोने वेगळे राहणार नाही’ हे उत्तर प्रत्येक वेळी अंतिम मानण्याचे कारण नाही.

हिशेब कसा मांडावा

समजा, दोन पाटल्यांचे निव्वळ वजन ४० ग्रॅम आहे आणि तपासणीत त्या २० कॅरेटच्या, म्हणजे ८३.३ टक्के सोन्याच्या निघाल्या. त्यांतील शुद्ध सोने सुमारे ३३.३ ग्रॅम. त्यापासून २२ कॅरेटचा दागिना करायचा तर सुमारे ३६.४ ग्रॅम धातू मिळेल. तोच १८ कॅरेटचा केला तर सुमारे ४४.४ ग्रॅम. वजन वाढले म्हणून सोने वाढले नाही आणि घटले म्हणून चोरीला गेले नाही. शुद्ध सोने दोन्हीकडे तेवढेच. खड्यांचा किंवा रोज वापरायचा दागिना असेल तर १८ कॅरेट अधिक कणखर ठरते. पारंपरिक पिवळा झळाळ हवा असेल तर २२ कॅरेट बरे.

यातून घट वजा होते. कानसणे, घासणे, उजाळणे यांत सोन्याचे कण उडतातच. सोनाराच्या दुकानातील केरसुद्धा झारेकरी विकत घेतात ते उगाच नव्हे. घट कामाच्या स्वरूपाप्रमाणे कमीजास्त होते. ती किती धरायची हे काम सुरू होण्यापूर्वी कागदावर ठरवावे आणि उरलेला तुकडा परत घ्यावा.

घडणावळीबाबत एक साधे तत्त्व आहे. सोने ग्राहकाचेच असेल तर घडणावळ कामाची असावी, सोन्याच्या किमतीची नव्हे. किमतीच्या टक्क्यांत ती ठरवली की भाव चढताच मजुरीही आपोआप चढते, कष्ट मात्र तेवढेच राहतात. नगावर किंवा ग्रॅमवर ठरलेली मजुरी दोन्ही पक्षांना स्वच्छ पडते. अर्थ मंत्रालयाने जुलै २०१७ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे, स्वतःचे जुने दागिने नवे रूप देण्यासाठी दिले तर ते काम मजुरीचे समजले जाते आणि त्या मजुरीवर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागतो.

आयकराच्या दृष्टीनेही मोड आणि घडण सारख्या नाहीत. वारशाने दागिना मिळण्यावर कर नाही. मात्र तो देऊन दुसरा घेणे ही जुन्या दागिन्याची विक्री मानली जाते आणि नफ्यावर भांडवली लाभाचा कर लागू शकतो. २३ जुलै २०२४ नंतरच्या व्यवहारांसाठी दीर्घकालीन लाभावरील दर साडेबारा टक्के आहे. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या दागिन्यासाठी त्या तारखेची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. व्यवहार मोठा असेल तर नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला आणि करसल्लागाराचे मत घ्यावे.

तयार दागिन्यावर हॉलमार्क उमटवून मिळेल का, हेही आधी विचारावे. सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी सहा अंकाक्षरी ओळखक्रमांक अनिवार्य ठरला. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या आणि कुंदन, पोलकी, जडावाच्या दागिन्यांना या सक्तीतून सूट आहे. ओळखक्रमांक असेल तर ब्युरोच्या मोबाइल अॅपवर तो पडताळता येतो आणि पुढच्या पिढीला कसाचा शोध नव्याने घ्यावा लागत नाही.

सोने कोणाचे?

या सगळ्यात सर्वांत अवघड भाग सोनाराच्या दुकानात नसतो, तो घरात असतो. स्त्रीला लग्नात आणि नंतर मिळालेले दागिने हे तिचे स्त्रीधन आणि त्यावर तिचाच पूर्ण हक्क, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या १९८५ च्या खटल्यात स्पष्ट केले आहे. आजी हयात असेल तर तिच्या संमतीविना दागिना मोडण्याचा अधिकार मुलाला नाही, सुनेला नाही आणि नातीलाही नाही.

ती गेल्यानंतरचा प्रश्न अधिक नाजूक असतो. ‘आईचे सोने लेकीचे’ असा लोकरिवाज अनेक घरांत आहे. कायदा तसे म्हणत नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार तिची मालमत्ता मुलगे, मुली आणि पती यांच्याकडे समान वाट्याने जाते. एकाने परस्पर मोडलेल्या पाटल्यांवरून भावंडांचे बोलणे कायमचे बंद झाल्याची उदाहरणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. तेथे भांडण बहुधा ग्रॅमचे नसते. आपल्याला विचारले गेले नाही, याचे असते.

म्हणून वाटणी करायचीच असेल तर दागिन्यांची यादी, वजने आणि छायाचित्रे सर्वांसमोर ठेवावीत. मोहनमाळ किंवा पुतळ्यांची माळ मोजून वाटता येते. पाटल्यांच्या जोडीतून दोघींना एकेक देता येते. एकच नथ असेल तर ती मात्र तोडू नये. ती एकीकडे ठेवून इतरांना तिच्या मोलाचे दुसरे काही द्यावे. आईच्या मंगळसूत्राच्या वाट्यांबाबत प्रत्येक घराची भावना निराळी असते आणि तेथे हिशेबापेक्षा घरातल्या वडीलधाऱ्यांचा शब्द महत्त्वाचा ठरतो.

दागिना देण्यापूर्वी

- दागिन्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. त्यावर सोनाराचा ठसा किंवा अक्षरे असल्यास ती स्वतंत्र टिपावीत.
- एकूण वजन, निव्वळ वजन, कस, खड्यांची व मोत्यांची संख्या लिहिलेली, सहीशिक्क्याची पावती घ्यावी.
- शक्य असेल तर सोने समोर आटवून घ्यावे आणि लगडीचे वजन व कस लगेच पाहावा.
- नव्या दागिन्याचे कागदावरील चित्र, अपेक्षित वजन, घट, घडणावळ आणि मुदत लेखी ठरवावी.
- काढलेले मोती, खडे, फासे आणि सोन्याचे उरलेले तुकडे परत घ्यावेत.
- जुन्या दागिन्याचा एखादा लहान भाग, एक मणी किंवा एक पान, न आटवता नव्या दागिन्यात बसवता येतो का हे विचारावे.

शेवटची सूचना कारागिराच्या दृष्टीने क्षुल्लक वाटेल, परंतु तिचे मोल मोठे आहे. आटवलेल्या सोन्याला स्वतःची ओळख उरत नाही. ते आजीचे होते हे केवळ माहीत असणाऱ्यालाच माहीत असते. नव्या कानातल्यात जुन्या बोरमाळेचा एक मणी राहिला, तर ती ओळख डोळ्यांना दिसत राहते.

आणि डबी उघडण्यासाठी आजी जाण्याची वाट पाहू नये. कोणता दागिना माहेरचा, कोणता पहिल्या पगारातून घेतलेला, कोणता अडीनडीला गहाण पडून पुन्हा सुटलेला, हे सांगणारे माणूस घरात असेतोवरच तिच्याजवळ बसून लिहून घ्यावे. पाटल्यांचे पुढे काय करायचे, याचे उत्तरही अनेकदा ती स्वतःच देते.